एमजीबी मूळ रूपात ठेवायची की बदलायची? नव्या मालकाने कोणत्या क्रमाने ठरवावं

ब्रिटनमध्ये पहिली जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की बोट बहुतेक वेळा एमजीबीवर येऊन थांबतं. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये ही गाडी पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. आजही तिचे बहुतेक सुटे भाग नवे मिळतात, अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते, आणि घराच्या अंगणात साध्या पान्यांवर बरीच कामं उरकतात. लहानपणी रविवारी घरची फियाट धुतलेल्या आणि आता इथे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ती लगेच आपलीशी वाटते. चॉक, पॉइंट्स, कार्बोरेटर हे शब्द त्याच्या कानावरून गेलेले असतात.

गाडी दारात आली की सल्ले सुरू होतात. एक जण सांगतो, जुने शॉकअब्सॉर्बर काढून टाका, पाच गिअरचा बॉक्स बसवा, कार्बोरेटर बदला. दुसरा सांगतो, कारखान्यातून निघाली तशीच ठेवा, स्क्रूसुद्धा बदलू नका. दोघांनाही गाडीबद्दल जिव्हाळा असतो आणि दोघांचंही काही अंशी खरं असतं. तरी नव्या मालकाने या वादात लगेच बाजू घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या दारातली गाडी आज एवढ्या वर्षांची झिजलेली आणि अनेक हातांनी दुरुस्त केलेली आहे. एमजीबी मुळात कशी चालते हे तुम्ही अजून पाहिलेलंच नाही. ‘जुन्या गाडीचा स्वभावच असा’ म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातलं बरंचसं साध्या बिघाडामुळे होत असतं. आधी तो बिघाड काढा. बदलाचा निर्णय त्यानंतर घ्यायचा.

पहिली पायरी: आपल्याकडे नेमकी कोणती एमजीबी आहे?

अठरा वर्षांत कारखान्यानेच ही गाडी अनेकदा बदलली, त्यामुळे मूळ रूप म्हणजे कोणत्या सालचं रूप हे आधी ठरायला हवं. ऑक्टोबर १९६४ पर्यंत क्रँकशाफ्टला तीन बेअरिंगं होती, नंतर पाच झाली. १९६७ च्या अखेरीस आलेल्या मार्क टूमध्ये पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश, म्हणजे गिअर खरखर न होता पडण्याची सोय आली, डायनॅमोच्या जागी आल्टरनेटर बसला आणि बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह झालं. १९७४ च्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या नियमांसाठी क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. त्या उंचीमुळे वळणावरचा तिचा तोल बिघडला, हे एमजीबीचे भक्तही मान्य करतात.

बॉनेटखालच्या प्लेटवरचा चॅसी क्रमांक वाचा आणि नोंदणीपत्राशी ताडून पाहा. ‘जीएचएन’ने सुरू होत असेल तर गाडी उघड्या छताची, ‘जीएचडी’ असेल तर जीटी, म्हणजे पक्क्या छताची. पुढचा आकडा ३, ४ किंवा ५ असतो आणि त्यावरून मालिका कळते. मग गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज प्रमाणपत्र मागवा. कारखान्याच्या नोंदींतून तयार होण्याची तारीख, मूळ रंग, आतल्या कापडाचा किंवा चामड्याचा रंग, मूळ इंजिनाचा क्रमांक, गाडी कोणत्या देशासाठी बनली आणि तिच्यावर कोणत्या जादा सोयी होत्या, हे त्यात कळतं. लाल गाडी मुळात हिरवी होती हे अशा वेळी समजतं आणि मनातल्या मूळपणाच्या कल्पनेला धक्का बसतो. तो बसलेला बरा.

आता माझं मत. तुमची गाडी तीन बेअरिंगांची सुरुवातीची असेल, १९६७ ते १९६९ मधली सहा सिलिंडरांची एमजीसी असेल, कारखान्याने बनवलेली जीटी व्ही-८ असेल, किंवा कोणत्याही सालची पण मूळ रंगात न उघडलेली अशी असेल, तर तिला दुरुस्तीपलीकडे हात लावू नका. मूळ रंग एकदाच लागतो. पण १९७० च्या दशकातली, दोनदा रंगवलेली, नवे पत्रे जोडलेली साधी गाडी असेल तर तुम्ही बरेच मोकळे आहात. अशा गाड्या भरपूर आहेत आणि त्यांच्यात सुधारणा करणं हा काही गुन्हा नाही.

दुसरी पायरी: पत्रा

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. दरवाज्याखालच्या सिल या सांगाड्याचा कणा आहेत आणि उघड्या गाडीत तर छताचाही आधार नसल्यामुळे सगळा भार त्यांच्यावर येतो. बाहेरून चकचकीत सिल दिसते आणि आतला पत्रा गंजून गेलेला असतो, हे फार वेळा आढळतं. मागच्या मालकाने जुन्या सिलवर नुसतं नवं आवरण चढवलेलं असू शकतं. ओळखण्याची एक सोपी खूण आहे. दरवाज्याच्या मागच्या कडेची फट पाहून ठेवा, मग गाडी जॅकवर उचला. फट लक्षात येण्याइतकी कमीजास्त झाली किंवा दरवाजा घासू लागला तर सांगाडा वाकतोय. हे पाहताना गाडीखाली जाऊ नका, आणि खाली काम करायचं असेल तेव्हा स्टँड लावल्याशिवाय कधीच जाऊ नका.

सिलचं काम वेल्डिंगची सवय असलेल्या माणसाकडेच द्या. जुनी सिल कापण्याआधी बॉडीला नीट आधार द्यावा लागतो, नाहीतर ती वाकलेल्या स्थितीतच जोडली जाते आणि मग दरवाजे कधीच नीट लागत नाहीत. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी साठवलेले पैसे आधी इथे खर्च झाले तर ते योग्य जागी लागले असं समजा.

तिसरी पायरी: आहे तीच गाडी पुस्तकाप्रमाणे बसवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच वगळला जातो. गाडी गरम होते म्हणून इलेक्ट्रिक पंखा बसतो. ओढत नाही म्हणून वेबर कार्बोरेटर येतो. स्टिअरिंग जड म्हणून लहान व्यासाचं चाक काढून मोठं बसतं. मूळ दोष तसाच राहतो आणि त्याच्यावर नव्या भागाचा थर चढतो.

इंजिनापासून सुरुवात करा, आणि क्रम मोडू नका: आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग इग्निशन (ठिणगी), शेवटी कार्बोरेटर. टॅपेटसाठी आठ व्हॉल्व्हना पुढून मागे १ ते ८ आकडे द्या. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेलेला असताना आठव्याची फट मोजायची, दुसरा दाबलेला असताना सातव्याची, म्हणजे बेरीज नेहमी नऊ. फटीचा आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातून घ्या. ०.०१५ इंच म्हणजे ०.३८ मिलिमीटर, थंड इंजिनावर, हा बहुतेक इंजिनांचा आहे.

मग डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणारा भाग. पॉइंट्सची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. त्यानंतर टायमिंग लाइटने फक्त आयडलवरची खूण पाहून थांबू नका, रेस वाढवल्यावर खूण सरकते का तेही पाहा. डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली वजनं गंजून अडकली असतील तर टायमिंग पुढे जातच नाही. अशी गाडी चढावर दम टाकते आणि गरमही होते. व्हॅक्यूम युनिटचा पडदा फाटलेला असतो तेव्हा पेट्रोल जास्त जातं. हे दोन्ही दोष कार्बोरेटरच्या माथी मारले जातात.

आता एसयू कार्बोरेटर. ब्रिटिश गाड्यांना ते जोडीने असतात. डॅशपॉटमध्ये, म्हणजे पिस्टनच्या वरच्या नळीत, तेल आहे का पाहा, थ्रॉटलचा स्पिंडल (दांडा) हलवून ढिला नाही ना ते तपासा, कारण तिथून हवा आत शिरली तर आयडल कधीच स्थिर होणार नाही. दोन्हींची हवा सारखी करा. मग इंजिन पूर्ण गरम असताना एकाचा पिस्टन बाजूच्या पिनने अगदी किंचित, मिलिमीटरभरही नाही, वर उचला. रेस वाढली आणि वाढलेलीच राहिली तर मिश्रण जाड आहे, रेस लगेच पडली तर पातळ, आणि क्षणभर जराशी वाढून पुन्हा पहिल्यासारखी झाली तर बरोबर. मला या कार्बोरेटरबद्दल मनापासून आदर आहे. इतक्या कमी हलत्या भागांत इतकं नेमकं काम करणारं यंत्र कमी सापडतं, आणि ते नीट बसलं की ९५ अश्वशक्तीचं हे १७९८ सीसीचं इंजिन गावाबाहेरच्या रस्त्यावर अजिबात अपुरं वाटत नाही.

गाडी गरम होत असेल तर पंखा विकत घेण्याआधी रेडिएटर काढून उलटा धुवून घ्या, थर्मोस्टॅट गरम पाण्यात घालून उघडतो का पाहा, टायमिंग आणि मिश्रण पुन्हा तपासा. स्टिअरिंग जड असेल तर पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंग पिनना ग्रीस मारा. दर ३,००० मैलांनी ते मारायचं असतं, आणि आजच्या गॅरेजात ग्रीस गन हातात घेणारा माणूसच उरलेला नसल्याने ते वर्षानुवर्षं राहून जातं. गाडी जॅकवर घेऊन ग्रीस मारलं तर ते आत नीट पोचतं. टायरचा दाब पाहा आणि टायरच्या बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्काही वाचा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असलेला वीस वर्षांचा टायर दिसायला छान असतो आणि पावसात जीवघेणा ठरतो.

ब्रेक कमकुवत वाटत असतील तर मागच्या ड्रमचे ॲडजस्टर जाम आहेत का, पुढच्या कॅलिपरचे पिस्टन अडकलेत का, रबरी होज आतून फुगलेत का, हे बघा. सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं यंत्र) नसलेल्या गाडीत पेडल मुळातच कडक असतं, त्याची पायाला सवय होते. विजेची तक्रार असेल तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थची पट्टी शोधा. गिअरबॉक्स काढला-घातला की ती परत लावायला विसरतात. बाकी बहुतेक त्रास गंजलेल्या जोडण्यांचा असतो, त्या एकेक करून उघडा, साफ करा, परत लावा.

शॉकअब्सॉर्बर लिव्हरवाले, आर्मस्ट्राँगचे, आहेत. त्यांची निंदा खूप होते. गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडा. ती वर येऊन लगेच थांबली तर तो शॉकअब्सॉर्बर ठीक आहे. डोलत राहिली किंवा तेल गळत असेल तर नीट दुरुस्त केलेला बदली घ्या. पुढच्या बाजूला याच शॉकअब्सॉर्बरचा हात सस्पेन्शनचा वरचा दांडा म्हणूनही काम करतो, त्यामुळे तिथे नळीवाला बसवणं जाहिरातीत दिसतं तितकं सरळ नाही.

चौथी पायरी: एक उन्हाळा चालवा

एवढं झालं की काही विकत घेऊ नका. एप्रिल ते ऑक्टोबर गाडी वापरा. जवळच्या फेऱ्या करा, पावसात काढा, मोटरवेवर तासभर न्या, रात्री हेडलाइटवर चालवून पाहा. गाडीत एक वही ठेवा आणि प्रत्येक वेळी काय खटकलं ते लिहा. ‘ताकद कमी’ असं ढोबळ लिहू नका. ‘७० मैलांच्या वेगाला इंजिनाचा आवाज नको होतो’, ‘समोरून गाडी आली की रस्त्याची कड दिसत नाही’ असं लिहा. यातूनच तुमच्या गाडीला खरोखर कोणता बदल हवा ते कळेल, आणि यादी तुम्हाला वाटली होती त्यापेक्षा लहान निघेल.

पाचवी पायरी: बदलांची निवड

माझी कसोटी एकच आहे: हा बदल एका शनिवार-रविवारात, धातू न कापता, परत फिरवता येईल का? येत असेल तर निर्धास्त करा. येत नसेल तर वर्षभर थांबा.

या कसोटीवर पहिल्याच फटक्यात पास होणारे काही बदल तर केलेच पाहिजेत. हेडलाइटना रिले: मूळ जोडणीत सगळा करंट स्विचमधून जातो, रिले लावले की उजेड वाढतो आणि स्विचही वाचतो. आपोआप गुंडाळले जाणारे सीटबेल्ट. मागचे ब्रेकलाइट अधिक उजळ. पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या, कारण ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पंपावर कमी इथेनॉलचा महाग ग्रेड मिळत असेल तर तोच भरा. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशनही बाहेरून दिसत नाही, फक्त विकत घेताना तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थची आहे की निगेटिव्ह ते सांगा. चुकीचं घेतलंत तर लावताक्षणी जळेल. जुने पॉइंट्स डिक्कीत ठेवा. दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या काढून एक बारा व्होल्टची बसवणंही मी याच गटात धरतो. कारखान्यानेच १९७४ मध्ये ते केलं.

हेड कधी उतरवलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घ्या. पूर्वीच्या पेट्रोलमधलं शिसं त्या सीटना झिजेपासून वाचवायचं. ते पेट्रोल गेलं, धोका राहिला. हा बदल परत फिरत नाही, तरीही करावा, कारण तो गाडीचं आयुष्य वाढवतो.

पाच गिअरचा बॉक्स हा सगळ्यांचा लाडका बदल. फोर्ड सिएराचा किंवा माझ्दा एमएक्स-५ चा बॉक्स बसवण्याचे संच मिळतात. पण आधी तुमच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी गिअरबॉक्सची जोड, आहे का ते पाहा. असेल आणि चालत नसेल तर गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी, स्विच आणि वायर तपासा. तेवढ्यानेच पुष्कळदा तो जिवंत होतो. चालता ओव्हरड्राइव्ह असताना पाच गिअरवर पैसे घालणं मला पटत नाही. ओव्हरड्राइव्ह नसेल आणि मोटरवेवर रोज जायचं असेल तर मात्र बदल समजण्यासारखा आहे. गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा टनेल कापावा लागणार नाही असा संच निवडा आणि जुना बॉक्स तेल भरून, तोंडं बंद करून ठेवा.

रबर बंपरच्या गाडीची वाढलेली उंची कमी करायला मागे ठोकळे आणि पुढे वेगळ्या स्प्रिंगा पुरतात, आणि गाडी खरोखर सुधारते. बंपर कापून क्रोम लावणं हे वेगळं प्रकरण आहे. त्यात पत्रा कापून वेल्ड करावा लागतो. अनेकांनी ते केलं, त्यामुळे नीट राहिलेल्या रबर बंपरच्या गाड्या आता कमी होत चालल्या आहेत, आणि मला त्या तशाच आवडू लागल्या आहेत.

व्ही-८ इंजिनाला स्वतःचा इतिहास आहे. केन कॉस्टेलोने रोव्हरचं हलकं ॲल्युमिनियमचं व्ही-८ एमजीबीत बसवून विकायला सुरुवात केली, आणि पाठोपाठ कारखान्याने १९७३ ते १९७६ मध्ये ३५२८ सीसीची जीटी व्ही-८ काढली. म्हणजे हा बदल गाडीच्या परंपरेतलाच आहे. पण इंजिन बदललं की ब्रेक, मागचा ॲक्सल, कूलिंग सगळंच बदलावं लागतं. पहिल्या वर्षाच्या मालकाने हे काम अंगावर घेऊ नये. हवीच असेल तर कोणीतरी आधीच नीट बनवलेली, कागदपत्रं असलेली गाडी विकत घ्या, स्वस्त पडेल.

सहावी पायरी: कायदा आणि विमा

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक वर्गात नोंदवता येतं. मग रोड टॅक्स लागत नाही, लंडनच्या युलेझमधून (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना शुल्क लावणारा भाग) सूट मिळते, आणि गेल्या तीस वर्षांत मोठा बदल झालेला नसेल तर वार्षिक एमओटीची, म्हणजे रस्त्यालायक असल्याच्या तपासणीचीही सक्ती नसते. मोठा बदल म्हणजे काय याची सरकारी मार्गदर्शक सूचना नीट वाचा. सिलिंडरांची संख्या बदलणं, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगची पद्धत बदलणं त्यात मोडू शकतं, तर सुरक्षेसाठी केलेल्या आणि त्या काळात प्रचलित असलेल्या बदलांना सवलत आहे. सक्ती नसली तरी वर्षातून एकदा एमओटी करून घ्या. तिऱ्हाईत तंत्रज्ञाने गाडी खालून पाहावी हे तुमच्याच हिताचं आहे. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या आणि प्रत्येक बदल, अगदी चाकाची रिमसुद्धा, लेखी कळवा.

भारतात जुनी गाडी असलेल्या वाचकांसाठी: तिथलं चित्र बरंच कडक आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,०००. म्हणून तिथे इंजिन किंवा बॉडी बदलण्याआधी आरटीओत लेखी विचारा, गॅरेजवाल्याच्या शब्दावर जाऊ नका.

सातवी पायरी: काढलेला प्रत्येक भाग जपा

भाग उतरवण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. नट-बोल्ट त्या त्या भागाच्या पिशवीत घाला, पिशवीवर कशाचे ते आणि तारीख लिहा. काढलेले एसयू, डिस्ट्रिब्युटर, गिअरबॉक्स यांना तेलाचा हात लावून कोरड्या जागी ठेवा. जागा अडते म्हणून विकू नका. तुमच्या गाडीवर कारखान्यातून आलेला, क्रमांक जुळणारा भाग पुन्हा मिळणार नाही. बदलांच्या पावत्या, संचाचे माहितीपत्रक आणि वायरिंगमध्ये काही बदललं असेल तर हाताने काढलेली आकृती एका फाइलमध्ये लावा. पुढे गाडी विकाल तेव्हा ही फाइल, खटकलेल्या गोष्टींची ती वही आणि भागांची खोकी गाडीबरोबरच द्या.